कामिनीने मागितलेली कुंची

पोर्ट लुईच्या त्या दुकानात काचेमागे तीन पिन्सो मांडलेले होते. आपल्याकडे ज्याला ब्रश म्हणतात तेच. एक बारीक, एक चपटा, एक गोल आणि भरदार. सरकारी कचेरीत टायपिस्ट असलेली कामिनी सहा आठवडे रोज दुपारच्या सुट्टीत त्यांच्यापुढे उभी राहत होती. दुकानातल्या बाईने तिला शहाणपण शिकवलं होतं, की सुट्या पावडरला गोलच घ्यावा, टोकाला मऊ, आणि गालावर घासायचा नाही, नुसता टेकवायचा. कामिनी डोळे मिटून मनातल्या मनात तो टेकवून बघायची. पावडर ढगासारखी उठायची, त्या ढगातून सत्यदेव दिसायचा, आणि मग कचेरीची घंटा व्हायची.

सत्यदेव कांप दे मास्क या खेड्यातला. शाळेत मास्तर आणि संध्याकाळी मराठीचा वर्ग घेणारा. दोघांचं लग्न ठरलं होतं, पण उसाची कापणी संपल्यावर, म्हणजे डिसेंबरात. आणि आत्ता कुठे मे लागला होता!

त्यात सासूबाईंचा धाक. पुष्पावतीबाईंना घरात क्रेओलचा, म्हणजे बेटावरच्या फ्रेंच वळणाच्या बोलीचा, शब्द खपत नसे. आधीच्या एका मुलीने चहाचा पेला घेताना आभाराचं 'मेर्सी' म्हटलं, तर बाईंनी ते स्थळ चहा निवायच्या आत मोडलं. त्याच बाई रविवारी कामिनीच्या गावी, फिनिक्सला, येणार होत्या, नवरीला विचारायला, 'तुला काय पायजे?' त्यांच्या घरातली रीतच होती ती. आणि कामिनीच्या घरी तर सगळा व्यवहार क्रेओलमध्ये.

"पापा, पिन्सोला आपल्यात काय म्हन्त्यात?"

चंद्रमोहनरावांना ठाऊक नव्हतं. पण 'ठाऊक नाही' हे त्यांना कुठल्याच भाषेत म्हणता येत नसे. त्यांनी छताकडे पाहिलं, बराच वेळ मिशी कुरवाळली.

"कुंच... कुंची! हां, कुंचीच. माजी आय म्हनायची."

आई कुंची म्हणायची हे खरं होतं. फक्त ती कुंची म्हणजे तान्ह्या पोराच्या डोक्याला बांधायचं टोपडं. ब्रशला कुंचला म्हणतात, पण एवढ्या लांबच्या आठवणीत शेवटचं अक्षर कोण जपून ठेवतो?

रविवारी पुष्पावतीबाई आल्या, बसल्या, मायेने म्हणाल्या, "बोल गो पोरी, तुला काय पायजे?"

"कुंची."

बाईंच्या हातातली सुपारी थांबली. "काय?"

"कुंची. मऊ पायजे. गालाला टोचायला नको."

"आनि... कवा पायजे?"

"लगीनाच्या आदी. उशीर नको."

"बापाला ठावं हाय?"

"हाय की! पापांनीच सांगितलं, कसं मागायचं ते."

"लय दिस झाले, तिचा जीव त्यातच हाय," चंद्रमोहनराव कौतुकाने म्हणाले. "मी म्हनलं, सासूबाईच आनतील."

पुष्पावतीबाई चहा न घेताच उठल्या. चंद्रमोहनरावांना वाटलं, मुलीचं मराठी ऐकून बाईंना गहिवरून आलं.

घरी पोचताच बाईंनी मुलाला समोर उभं केलं. "सत्या, तुज्या नवरीला कुंची पायजे. लगीनाच्या आदी."

सत्यदेवाच्या डोक्यात क्षणात प्रकाश पडला. साखरपुड्यानंतर पांपलमूसच्या बागेत, दोन्हीकडची माणसं दहा पावलं मागे ठेवून, कामिनी अर्धा तास त्या गोल पिन्सोबद्दलच बोलली होती. त्याने खरं सांगायला तोंड उघडलं.

"गप!" आई कडाडली. "आता उसाची वाट बघायची नाय. पंधरा दिसांत लगीन!"

सत्यदेवाने तोंड मिटलं आणि मान खाली घातली. त्याला लाज वाटली, पण आनंद तिच्यापेक्षा बराच मोठा होता. आईला मात्र ती खाली घातलेली मान पुरली.

लग्न झालं. आणि कामिनीचे जे दिवस सुरू झाले, ते तिने काचेपुढे उभं राहूनही कधी पाहिले नव्हते. लिचीच्या झाडाखाली आरामखुर्ची. पाण्याची बादली उचलायची नाही. पपई खायची नाही. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध. पलीकडे ऊस सळसळायचा, डोळे जड व्हायचे, आणि सासूबाई हळूच पायाखाली उशी सरकवायच्या. 'खेड्यातली माणसं देवासारखी असतात,' तिने वडिलांना पत्रात कळवलं.

तिसऱ्या आठवड्यात साड्यांच्या घडीत तिला ती सापडली. पांढऱ्या लोकरीची, मागितली होती तशीच मऊ, सासूबाईंनी स्वतः विणलेली. कामिनी हरखली. गावाकडची कुंची अशी असते तर! तिने ती मुठीवर चढवली, पावडरीत टेकवली, गालावर टेकवली. घासली नाही. पावडर ढगासारखी उठली.

ढग खाली बसला तेव्हा दारात दुधाचा पेला घेऊन पुष्पावतीबाई उभ्या होत्या.

"अगो, काय करतेस?"

"पावडर लावत्ये, आये. तुमची कुंची लय झ्याक! दुकानातल्या पिन्सोपरीस मऊ."

"पिन्सो?" बाई सावकाश म्हणाल्या. "तुला पिन्सो पायजे होता?"

"वी," कामिनीच्या तोंडून 'हो'ऐवजी निघून गेलं.

"मंग पोर?"

"कोनतं पोर?"

तेवढ्यात सत्यदेव शाळेतून आला, आणि आईचा चेहरा बघून उंबऱ्यावरच थबकला.

"तुला ठावं होतं?"

"हां."

"मंग बोलला का नाय?"

"डिसेंबर लय लांब होता, आये."

आता कुठे सगळा उलगडा होऊन कामिनीचे गाल पावडरीखाली लाल झाले. सासूपुढे पिन्सो म्हटलं, वी म्हटलं, आणि जे एक मराठी म्हटलं तेही चुकीचं. त्या दुसऱ्या मुलीची तर एका मेर्सीवर बोळवण झाली होती. फिनिक्सची बस किती वाजता असते, ते ती आठवू लागली.

पुष्पावतीबाईंनी सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. हातातलं दूध उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकलं आणि पदराने तोंड पुसलं.

"मंग बसलीस काय? ऊठ, पानी भरायचं हाय."

कामिनी इतक्या आनंदाने उठली, की तोंड पुसायचंही तिला सुचलं नाही. पांढऱ्या गालांनी ती बादली घेऊन नळाकडे धावली, आणि दुसरी बादली सत्यदेवाने न सांगता उचलली.