बादशहाचं जन्मघर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, ते माणसाचं आधी नाक बघतात. चेहरा नंतर, सवड मिळाली तर. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा हे कसलासा कागद घेऊन नेमके आमच्या दारात उभे. मुलाच्या आईसमोर त्यांनी मुलाचं नाक डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. वाकडं नाही हे. बाक आहे. बाक वेगळा." त्या बाईंनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. लग्न जमलं, पण त्यात अण्णांचा वाटा शून्य.

हे अण्णा गडदे. विक्रोळीच्या एका कारखान्यात मशिनवर तेहतीस वर्षं काढली. बायको गेली, मूलबाळ नाही. मूळ गाव जत तालुक्यात. तिकडे माडग्याळ नावाची मेंढीची जात असते. उंच, पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके आणि नाक पोपटासारखं. नाकाला जितका बाक, तितकी जात अस्सल. अण्णांच्या घरात मेंढी नाही, मांजरही नाही. पण ही जात शुद्ध राखणाऱ्या मेंढपाळांसाठी ते गेली पंधरा वर्षं दर महिन्याला एक चार पानी पत्र काढतात. नाव 'कळपवार्ता'. कुणाच्या मेंढीला जुळं झालं, कुणाचा मेंढा प्रदर्शनात पहिला आला, कुणाचं कोकरू लांडग्यानं नेलं. कुणी कळपात भलत्या जातीचा मेंढा सोडला असेल, तर ती बातमी काळ्या चौकटीत.

आणि हे टाइप कोण करतं? मी. सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं मराठी टायपिंग केलं, हा माझा गुन्हा. अण्णा एकदा म्हणाले, "वहिनी, एवढा एक अंक," आणि मी हो म्हटलं. त्या एका अंकाला आता नऊ वर्षं होतील. आमचे हे अजून रोज टोमणा मारतात, "झालो काय गो तुझो बकऱ्यांचो पेपर?"

अण्णांचा आणखी एक ताप म्हणजे "नोंद आहे का?" दुधवाल्यानं म्हशीचं दूध म्हणून सांगितलं की, "नोंद आहे का?" सेक्रेटरींनी टाकी धुतली म्हटलं की, "नोंद आहे का?" मी एकदा सहज म्हटलं, माझे सासरे मूळचे वेंगुर्ल्याचे. लगेच, "नोंद आहे का?" त्यांच्याकडे लाल कापडात बांधलेली एक जाडजूड वही आहे. त्यात प्रत्येक जातिवंत मेंढीचा बाप, आई, आजी, पणजी. आमच्या घराण्यात पणजीचं नाव कुणालाही ठाऊक नाही. तिथे 'हरणी' नावाच्या मेंढीच्या सात पिढ्या लिहिलेल्या.

एकदा त्यांनी सोसायटीच्या नोटीसबोर्डवर कागद लावला. "दुःखद निधन. सरदार, वय सात वर्षे. पश्चात पंचेचाळीस माद्या व मोठा परिवार." बी विंगमधल्या नव्या भाडेकरू बाई गडबडीत फिकी साडी नेसून भेटायला गेल्या. तासाभरानं बाहेर आल्या त्या डोळे पुसत. जिन्यात मला म्हणाल्या, "गेलेला फारच चांगला होता हो. खांद्यानं काय मजबूत, म्हणे! पण पंचेचाळीस कसं काय?" मी खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून त्या माझ्याशीच बोलत नाहीत. हा कुठला न्याय?

तर अशा माणसासाठी मी गेल्या महिन्यात किती भांडले, ते सांगते.

जतजवळच्या प्रदर्शनात बादशहा नावाचा मेंढा पहिला आला. मालक बापूसाहेब. मोठं प्रस्थ, प्रदर्शनाचा मांडव त्यांचाच असतो. त्यांनी पहिल्या पानासाठी मजकूर पाठवला. मी टाइप करत होते, अण्णा शेजारी खुर्चीत. मी मोठ्यानं वाचलं, "आमच्या घरात तीन पिढ्या जपलेल्या रक्ताचा हा विजय..."

"खोडा," अण्णा म्हणाले.

"काय खोडू?"

"तीन पिढ्या. बादशहा त्यांच्या घरचा नाही. तो गजराचा. तानूबाईंच्या कळपातल्या गजरा मेंढीचा."

"मग वहीत तसं असेल ना?"

अण्णांनी लाल कापडाची गाठ सोडलीच नाही. वहीबद्दल विचारल्यावर वही न उघडणारे अण्णा मी पहिल्यांदाच पाहिले.

मग हळूहळू बाहेर आलं. त्यांच्यात एक नियम आहे. कोकरू तीन महिन्यांचं झालं, की त्याच्या कानाला खूण करायची. त्या दिवशी ते ज्याच्या कळपात असेल, त्याचं घर 'जन्मघर' म्हणून वहीत चढतं. बरीच कोकरं त्याआधीच मरतात, म्हणून तोवर नोंद नाही. तानूबाई म्हणजे रानात एकटीनं मेंढ्या राखणारी म्हातारी बाई. तीन वर्षांपूर्वी तिचा पाय मोडला. मेंढ्यांमागे चालणं होईना, म्हणून तिनं दोन महिन्यांचं कोकरू विकलं. ते बापूसाहेबांनी घेतलं. महिन्यानं कान टोचला आणि जन्मघर लिहिलं गेलं, बापूसाहेबांचं.

"लिहिलं कुणी?" मी विचारलं.

"मीच. नियम म्हणजे नियम."

"तुम्हाला माहीत असून?"

"माहीत असून."

मी म्हटलं, "अण्णा, बाळ जन्मलं एकीकडे आणि नाव लावलं दुसरीकडे, आणि तुम्ही जगाला शुद्धता शिकवता!" मला खरंच संताप आला होता. आमच्या कचेरीतसुद्धा असले नियम होते. कागदावर सगळं बरोबर आणि माणसाची वाट लागलेली.

पण पुढचं त्यांनी सांगितलं, ते आणखी वाईट होतं. तानूबाईकडे आता सोळा मेंढ्या उरल्या होत्या, त्यात गजरा. नाव नसलेल्या कळपातली कोकरं पैदाशीसाठी कुणी घेत नाही. बाई थकली होती. तीन आठवड्यांनी भरणाऱ्या मोठ्या बाजारात ती सगळ्या मेंढ्या खाटकाला देणार होती. गजरासकट. आणि गजराचा मुलगा तिकडे हार घालून फोटो काढत होता.

"बादशहाचं जन्मघर दुरुस्त झालं, तर?" मी विचारलं.

"तर माणसं रांग लावतील तिच्या कोकरांना."

"मग करा दुरुस्त. आहे काय त्यात?"

काय होतं, ते संध्याकाळी कळलं. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. त्यांनी बापूसाहेबांना सांगितलं की नोंद चुकली, मी या अंकात दुरुस्ती छापणार. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"अण्णा, चूक कसली? नियम तुमचा, वही तुमची, अक्षर तुमचं. आख्ख्या तालुक्याला विचारत फिरता, नोंद आहे का, नोंद आहे का. ही घ्या, नोंद आहे!"

"नियमच चुकला बापूसाहेब. कोकरू जन्मतं तिथं जन्मतं."

"हे तीन वर्षांनी सुचलं होय? माझा मेंढा पहिला आल्यावर? मुंबईत चौथ्या मजल्यावर बसून..."

"तिसऱ्या," अण्णा म्हणाले.

"...तिसऱ्या मजल्यावर बसून आम्हाला मेंढ्या शिकवू नका. लेंडी तरी उचललीय का कधी?"

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "अहो, तुम्ही तरी कुठे उचलता? गडी उचलतो!" पलीकडून "कोण बाई आहे ही?" आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात. हातात मोबाइल. "वहिनी, हे बघा हो जरा. माझा फोन बिघडलाय का? ग्रुपवर काही येत नाही." फोन बिघडला नव्हता. मेंढपाळांच्या ग्रुपमधून अण्णांना काढून टाकलं होतं. जो ग्रुप यांनीच सुरू करायला लावला, ज्यावर यांनी प्रत्येकाच्या मेंढीच्या बाळंतपणाला "अभिनंदन" लिहिलं, त्यावरच्या एकानंही तोंड उघडलं नाही. सगळ्यांना बापूसाहेबांच्या मांडवात जागा हवी. मी तसं स्पष्ट सांगितलं. मी गोड करून सांगत नाही.

"बरं," म्हणाले. मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाले, "अंक मात्र निघेल. पोस्टानं जाईल. पोस्टातनं कुणी काढत नाही."

आम्ही त्यांच्या घरी बसलो. पहिलं पान रिकामं केलं. अण्णा डोळे मिटून सांगायला लागले आणि मी टाइप करू लागले.

"दुरुस्ती. बादशहा, आई गजरा. याचे जन्मघर तीन वर्षांपूर्वी चुकीचे नोंदले गेले. चूक बापूसाहेबांची नाही. चूक संपादकाची आहे. खरे जन्मघर, तानूबाई." इथे थांबले.

"पुढे?" मी विचारलं. "तानूबाई काय? आडनाव, गाव?"

मी मान वर केली. ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चाललंय, बघण्यासारखं काही नाही.

"लिहा," ते म्हणाले, "संपादकाची थोरली बहीण."

नऊ वर्षांत या घरात मी हरणीच्या सात पिढ्या टाइप केल्या होत्या. बहीण आहे, हे मला पहिल्यांदा कळत होतं.

"सख्खी?"

"सख्खी. मला खांद्यावर घेऊन मेंढ्यांमागे हिंडली. मी मुंबईला आलो आणि कळप तिनं ओढला." मग म्हणाले, "तिचं नाव छापलं असतं, तर लोक म्हणाले असते, भावानं बहिणीचं केलं. म्हणून नियमावर बोट ठेवलं. पंधरा वर्षांत तिच्या एका मेंढीची बातमी नाही छापली, वहिनी. तिकडे प्रदर्शनाला जातो, पण तिच्या दारात नाही जात. अकरा वर्षं झाली. संपादक होतो ना."

मला बापूसाहेबांपेक्षा या माणसाचाच जास्त राग आला. इतका, की मी उठून आत जाऊन दोन भांडी घासली. घासलेलीच होती. मग बाहेर आले आणि 'संपादकाची थोरली बहीण' ठळक अक्षरात टाइप केलं.

अंक छापून आला. दोघांनी मिळून पत्ते चिकटवले. पोस्टात मीच टाकून आले. नंतर दहा-बारा दिवस काहीच नाही. बाजाराचा दिवस उद्यावर आला. अण्णा जेवत नव्हते, तसं म्हणत मात्र नव्हते.

दुपारी मी आमटी द्यायला गेले आणि तेवढ्यात फोन वाजला. स्पीकरवर एक खणखणीत बाईचा आवाज.

"दत्तू, पेपर आला रं. मास्तरणीनं वाचून दावला."

अण्णा उभे राहिले. घरात, फोनसमोर, उभे.

"आक्का."

"दोघं जण आलं सकाळी, कोकरं बघाय. एक तर पार कर्नाटकातनं, चडचणचा. गजराला हात लावून लावून बघत हुता. म्या म्हणलं, गजरा न्हाई मिळायची, कोकरू घे. बाजार रद्द केला म्या."

"बरं केलंस."

"पर बहीण कशाला छापलंस? बापूसाहेब बोंब मारतोय, बहिणीपायी खोटं लिवलं म्हून."

"मारू दे."

पलीकडे मेंढ्यांचा गलका ऐकू येत होता. ती कुणावर तरी ओरडली, बहुधा मेंढीवर. मग म्हणाली, "कवा येतूस?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कागदांकडे. "पुढचा अंक काढायचाय आक्का. त्याचं उरकलं की..."

मी आमटीचं भांडं ठेवलं आणि फोनपाशी वाकून म्हटलं, "परवा सकाळी पोचतील. अंक मी काढते."