सावंतकाका आणि काकींची एकच तक्रार

आमच्या करी रोडच्या चाळीतले सावंतकाका लोकांना त्यांच्याच घरातून बाहेर काढत. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ते दारात उभे राहिले की पहिला शब्द, "भायर!"

काका गिरणीत विणकर होते. संप लांबला, गिरणी गेली आणि काका परळच्या एका संस्थेत चिकटले. ही संस्था अपंग माणसांच्या घरी मदतनीस बायका पाठवायची. सेवा कशी वाटते, ते त्या माणसांनाच विचारून टेप करून आणायचं, हे काकांचं काम. "सेवा करणाऱ्याच्या तोंडार कोण खरां बोलतलो?" असं म्हणून ते मदतनीस, सून, सासू, सगळ्यांना गॅलरीत उभं करत. एकदा तर भेटायला आलेल्या पाहुण्याला त्यांनी हातातल्या चहासकट बाहेर काढलं होतं.

पहिल्या दिवशीच्या सगळ्या कॅसेट मात्र मुक्या निघाल्या. मागांच्या खडखडाटात विणकर ओठ वाचून आणि हातवारे करूनच बोलायचे. काकांचे कान त्यातच गेलेले. त्यांनी सवयीने खुणांनीच प्रश्न विचारले आणि समोरच्यांनीही बिचाऱ्यांनी मान हलवून उत्तरं दिली. टेपवर "भायर!" तेवढं ठणठणीत. आजही आठवलं की मी एकटाच हसतो.

काकींची उजवी बाजू लुळी पडली होती. त्यांच्यासाठी मदतनीस न घेता काका स्वतःच सगळं करत. एका संध्याकाळी ते टेप घेऊन माझ्याकडे आले, चेहरा उतरलेला. "काकीक तू इचार. मी भायर रवतंय."

आपल्या हातची सेवा तिला आवडते, की ती बिचारी मन मारून राहते, एवढंच त्यांना हवं होतं. स्वतः विचारायची छाती नव्हती.

काकी टेपसमोर म्हणाल्या, "तक्रार एकच. केस लय हळू इंचरतत. गुंतो तसोच रवता. जरा जोर लावूक सांग."

टेप ऐकताना काकांनी आवाज इतका वाढवला की अख्ख्या मजल्याला तक्रार कळली. त्यांना मात्र नाही. शेवटी मी समोर बसून ओठांनी सांगितली.

काकांनी टेप बंद केला. मग म्हणाले, "बावीस वर्सां धागे जोडलंय रे. जोर लावलो काय तुटता."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत काकी खुर्चीवर डोळे मिटून निवांत बसल्या होत्या. मागे फणी घेऊन काका. दर गुंत्याला "आई गं" ऐकू येत होतं, आणि ते काका म्हणत होते.