राजपुत्राची कंबर

माणूस चार पायांवरून दोन पायांवर आला तेव्हा संस्कृतीचा उदय झाला, आणि दोन पायांवरून अंगठ्यावर आला तेव्हा तिकीटविक्रीचा. या दुसऱ्या टप्प्याला बॅले म्हणतात. ही कला राजवाड्यात जन्मली. राजाला नाचायची हुक्की आली की दरबाऱ्यांनाही आपोआप नाचावंसं वाटे (ज्यांना वाटलं नाही त्यांच्याविषयी इतिहास गप्प आहे). पुढे राजे गेले, राजवाड्यांच्या कचेऱ्या झाल्या, पण समोर काहीही चाललेलं असो, ‘वा, काय नजाकत!’ म्हणणारी माणसं शिल्लक राहिली. त्यांच्या सोयीसाठी नाट्यगृहं बांधण्यात आली.

अशाच एका नाट्यगृहात एक राजपुत्र नोकरीला होता. राजपुत्र हे त्याचं पद. तिसऱ्या मजल्यावरच्या तालीमखोलीत रोज सकाळी तो भिंतीलगतचा लाकडी दांडा धरून उभा राही. टाचेला टाच, आणि पावलं अशी की डावं एका गल्लीत निघालंय नि उजवं दुसरीत. दारामागे राळेचा खोका होता. त्यात बूट घासले की पाय घसरत नाही (ती राळ शेवटची कधी बदलली हे संस्थेत कोणालाच आठवत नव्हतं). मग उड्या, मग गिरक्या, मग गुडघ्यावर बर्फ.

संस्थेची नियमावली जाडजूड आहे, पण तिचं सगळं सार पहिल्याच कलमात येतं. कलम एक: कष्ट करावेत, दिसू देऊ नयेत. अंगठ्याचं नख निघालं तरी ओठांचे कोपरे वरच असावेत. पोटरीत गोळा आल्यास तो भावनेचा समजावा. पडल्यास डौलात पडावे व तिथेच थोडा वेळ थांबावे, म्हणजे ते मुद्दाम केल्यासारखे वाटते. कलम दोन आजवर कोणी वाचलेलं नाही, कारण पहिलं पाळता पाळताच माणूस निवृत्त होतो.

राजपुत्राचं मुख्य काम उचलण्याचं. शेवटच्या प्रवेशात तो धुक्याच्या राजकन्येला दोन्ही हातांनी डोक्यावर धरी, व्हायोलिनं गहिवरत, मग तो तिला अलगद खाली ठेवी आणि पडदा पडे. राजकन्या धुक्याची असल्यामुळे तिला वजन नाही, असं प्रयोगाच्या पत्रकात छापलेलं असे. (संस्थेच्या अनुभवानुसार पन्नास किलोंच्या आतलं धुकं सहसा मिळत नाही.) राजकन्येचं काम करणारी मुख्य नर्तिका नोकरीत सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून सगळे त्यांना ताई म्हणत. राजपुत्रही म्हणे. बिचारा दर संध्याकाळी ताईंच्या प्रेमात झुरून अर्धा होई आणि पडदा पडला की विचारी, "ताई, लागलं नाही ना?"

गेले काही महिने त्याची कंबर कुरकुर करत होती. हे व्यवस्थापकांच्या कानावर गेलं असतं तर त्याची बदली वृक्ष विभागात झाली असती. वृक्ष विभाग म्हणजे हिरवी विजार घालून मागच्या रांगेत उभं राहणं. काम मानाचं आहे (झाडांशिवाय जंगल होत नाही, असं व्यवस्थापक बदलीचा कागद देताना आवर्जून सांगत). पण पत्रकात झाडांची नावं येत नाहीत. ‘आणि इतर झाडे’ एवढंच छापतात. आणि नेमक्या याच आठवड्यात सासूबाई प्रयोगाला येणार होत्या.

सासूबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांनी नाट्यगृहाची पायरी कधी चढली नव्हती. लग्न ठरताना त्यांनी मुलीला विचारलं होतं, "मुलगा काय करतो?"

"नाचतो."

"ते झालं संध्याकाळचं. काम काय करतो?"

तेव्हापासून दर रविवारी दुपारी राजपुत्र सासुरवाडीला जेवायला जाई, सासूबाईंच्या हातचं सूप पिऊन हसतमुखाने म्हणे, "छान झालंय, आई." ते कशाचं आहे हे विचारायची हिंमत घरात कोणाला नव्हती. राजपुत्राचं मागणं एवढंच होतं की या बाईंनी आपल्याला एकदा, फक्त एकदा, राजपुत्र म्हणून बघावं. मग खुशाल झाड करा.

"आईला पुढच्या महिन्यात बोलावू या का रे?" बायको त्याच्या कंबरेचा पट्टा आवळत म्हणाली. ती तिथेच कपडेपटात कामाला होती, आणि राजपुत्राच्या मखमली अंगरख्याला तिने गुपचूप आतून लोकरीचं अस्तर लावलं होतं.

"पुढच्या महिन्यात मी मागच्या रांगेत उगवलेला असेन," तो म्हणाला.

सासूबाई आल्या. चौथ्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. पहिले दोन अंक निर्विघ्न गेले. शेवटच्या प्रवेशात राजपुत्राने ताईंना उचललं आणि त्याच्या कंबरेत कट्‌ असा आवाज झाला. व्हायोलिनं ठरल्याप्रमाणे गहिवरली.

"ठेव आता," ताई हसत म्हणाल्या. (ओठ न हलवता बोलणं दुसऱ्या वर्षाला शिकवतात.)

"येत नाही, ताई."

"म्हणजे?"

"कंबर धरली."

"मग मी काय करू?"

"धुकं व्हा, ताई."

ताईंनी मनापासून प्रयत्न केला. वादकांनी शेवटची ओळ पुन्हा वाजवली, मग पुन्हा. पडदा ओढणाऱ्याला ताई खाली आल्यावरच ओढायची सवय होती, त्यामुळे तो दोरी धरून वाट बघत राहिला. मागच्या रांगेतलं एक झाड दोन पावलं पुढे आलं, पण झाडाने चालू नये हे लक्षात येताच परत गेलं. प्रेक्षागृहात एक गृहस्थ बायकोच्या कानात म्हणाले, "हा विरह." बायको म्हणाली, "दिसतंयच." काहीतरी बिनसलंय अशी शंका बऱ्याच जणांना आली होती. त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजारी तल्लीन दिसला, म्हणून तेही तल्लीन झाले.

सासूबाई मात्र ताईंकडे बघतच नव्हत्या. त्या जावयाचं हसू बघत होत्या. ओठांचे कोपरे वर, डोळे किंचित पाणावलेले, मानेची शीर ताठ. हे हसू आपण कुठेतरी पाहिलंय, असं त्यांना वाटलं. कुठे बरं? मग एकदम लख्ख उजेड पडला. दर रविवारी, दुपारी एक वाजता, सूप पिताना.

आधी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं! मग त्यांना जावयाची एका बाजूला कललेली कंबर दिसली आणि राग कुठच्या कुठे गेला. इतका सोसणारा मुलगा, आणि आपण त्याला काम काय करतो म्हणून विचारलं, या विचाराने त्यांना भडभडून आलं. त्या ताडकन उठल्या.

"अहो जावईबापू, कंबर गेलीय ना तुमची? ठेवा तिला खाली! आणि काय रे झाडांनो, बघत काय उभे राहिलात? धरा की!"

वृक्ष विभागाशी आजवर कोणी थेट बोललं नव्हतं. झाडं धावली, ताई उतरल्या, राजपुत्र आडवा झाला, पडदा पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात समीक्षकांनी लिहिलं की प्रेक्षकांतून उठलेला तो आर्त मातृस्वर म्हणजे या कलेने टाकलेलं सर्वांत धाडसी पाऊल आहे. व्यवस्थापकांनी ही कल्पना आपलीच असल्याचं नम्रपणे मान्य केलं आणि परिपत्रक काढलं: यापुढे प्रत्येक प्रयोगात राजपुत्राची कंबर धरेल. राजपुत्राचं पद त्यामुळे तहहयात पक्कं झालं. निरोगी कंबरेचे दोन तरुण राजपुत्र अनुभवाअभावी वृक्ष विभागात गेले. चौथ्या रांगेत ‘सासू (पूर्णवेळ)’ असं पद निर्माण होऊन सासूबाईंची नेमणूक झाली. (पहिल्या दिवसासारखा जोर आता राहिला नाही, असं जाणकार म्हणतात.)

रविवारी राजपुत्र कंबरेला गरम पाण्याची पिशवी बांधून सासुरवाडीला जेवायला बसला. सासूबाईंनी समोर सूप ठेवलं, खुर्ची ओढली आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बसल्या.

"आता आपल्यात काही लपलेलं नाही. सूप कसं असतं, खरं सांगा."

बायकोने टेबलाखालून त्याचा पाय दाबला. राजपुत्राने एक घोट घेतला. जन्मात पहिल्यांदाच त्याला कोणी खरं सांगायची परवानगी दिली होती. त्याने तोंड उघडलं, आणि ओठांचे कोपरे आपोआप वर गेले.

"छान झालंय, आई."

सासूबाईंनी सुस्कारा टाकला आणि आणखी एक डाव वाढला.

राजपुत्रानंतर हे पद कोणाला द्यावं याची काळजी संस्थेला अजिबात नाही. इच्छुकांनी उडी मारून दाखवायची गरज नाही, वयाची अट नाही, नाच येत नसला तरी चालेल. फक्त आज सकाळी तुम्हाला कोणीतरी ‘काय, कसं चाललंय?’ असं विचारलं तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत, ते आठवा. ‘मजेत’ म्हणाला असाल तर सोमवारी हजर व्हा. बूट संस्था देईल.