निरीक्षकांचं वजन

साहेबांनी पुन्हा एकदा वजन कमी करायचं जाहीर केलं आणि घरात कुणीच हसलं नाही. तिथेच त्यांच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

"या वेळी मी गंभीर आहे," ते जेवणाच्या टेबलावर म्हणाले होते. आजवर या वाक्यावर बायको भुवया उंचावत असे आणि आई म्हणे, "बरं, पण आजचं तेवढं नीट जेवून घे." आज बायको म्हणाली, "छान." आई म्हणाली, "जमेल तुला." आणि दोघी पुन्हा आपापल्या ताटात बघू लागल्या.

साहेब वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानांतले तराजू तपासायचे आणि बरोबर असतील तर त्यांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. त्यांना पाहताच दुकानदार ज्या आपुलकीने "या, या, बसा" म्हणत, तिचा अर्थ काय असतो हे ते पुरतं ओळखून होते. तीच आपुलकी आता घरात ऐकू येत होती. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मनाशी म्हणत त्यांनी उकडलेल्या गाजरात काटा खुपसला.

खरं तर घरातल्यांना हसण्याची चैन परवडणारी नव्हती. मागच्या खेपेला आठवडाभर अर्धपोटी राहूनही वजन हललं नाही, तेव्हा साहेबांनी वजनकाटा माळ्यावर फेकला होता आणि पुढे कितीतरी दिवस ते सगळ्यांशी उलटतपासणी घेतल्यासारखे बोलत होते. "मीठ कमी आहे. का कमी आहे?" अशा सुरात.

या खेपेला त्यांनी वजनकाटा माळ्यावरून उतरवला, धूळ पुसली आणि ऑफिसातली प्रमाणित वजनं घरी आणून रीतसर तपासला. गोल तबकडीचा, काट्याचा जुना नमुना. मागे काटा शून्यावर आणायचं एक छोटं चाक. अगदी बिनचूक निघाला. त्यांनी तो बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवला आणि जाहीर केलं, "दर रविवारी सकाळी मोजणी."

पहिल्या रविवारी ते दोन किलोंनी उतरले होते.

"बघा!" साहेब टॉवेलवरच बाहेर आले.

"अय्या, खरंच?" बायको म्हणाली.

"मी म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली.

दुसऱ्या रविवारी आणखी दोन. आता मात्र साहेब थोडे चकित झाले. रोज सकाळी ते बागेत जात होते हे खरं, पण एक फेरी झाली की दम लागे आणि मग झाडाखालच्या बाकावर बसून ते इतरांची चाल तपासत. संध्याकाळी ऑफिसात कुणी बिस्किटांचा पुडा फोडला तर त्यांचा हातही मागे राहत नसे. तरी वजन घटत होतं. आपलं शरीर मुळातच कामसू असणार, त्याला फक्त इशारा हवा होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वजनकाट्यावर त्यांनी संशय घेतला नाही. तो त्यांनी स्वतः तपासला होता. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःवर घ्यायचा, आणि तेवढं एक सोडून साहेब कशावरही संशय घ्यायला तयार होते.

उदाहरणार्थ, धोब्यावर. वजन उतरत असताना पँट कमरेला घट्ट का होते? त्यांनी धोब्याला गाठून विचारलं, "पाणी किती गरम घेता?" बिचारा गोंधळून म्हणाला, "साहेब, तुमची पँट तर फक्त इस्त्रीला येते." हे उत्तर साहेबांना फारच तयार वाटलं.

तिसऱ्या रविवारी काटा आणखी तीन किलोंनी खाली होता. एकूण सात! साहेब आनंदाने बाहेर आले, पण या वेळी बायको "अय्या" म्हणाली नाही. तिचा चेहरा उतरला. आई खुर्चीत बसली.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते साहेबांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्यांच्या सूपवर लोण्याचा तवंग दिसू लागला. ते पेपर वाचत असताना बायको समोर उभी राहून त्यांच्या गालांकडे टक लावून बघे. एकदा तर बोलता बोलता तिने त्यांची खालची पापणी ओढून डोळा तपासला. ते स्वयंपाकघरात शिरले की सासूसुनेची कुजबुज थांबे आणि आई म्हणे, "काही नाही रे, गॅसबद्दल बोलत होतो."

"अगं, काय लपवताय तुम्ही माझ्यापासून?"

"कुठे काय? तुम्ही दूध घेता का थोडं? सायीसकट?"

तेव्हा कुठे साहेब हिशेब मांडू लागले. काहीही न करता सात किलो! असं कुणाचं उतरतं? आजारी माणसाचं. यांना ते कळलंय, आणि आपल्यालाच कुणी सांगत नाहीये.

दुसऱ्याच दिवशी बायको म्हणाली, "अहो, माझा खांदा फार दुखतोय. डॉक्टरांकडे येता का सोबत?"

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या खांद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते साहेबांकडे वळून म्हणाले, "झोप कशी लागते? भूक?"

"दुखतोय तिचा खांदा," साहेब म्हणाले.

"हो हो. तुम्ही जरा या काट्यावर उभे राहा बघू." डॉक्टर वाकले, चष्मा वर केला, खाली केला. मग बायकोला म्हणाले, "वहिनी, फोनवर तर तुम्ही सात किलो म्हणालात? यांचं वजन गेल्या वर्षी होतं तेवढंच आहे. उलट किलोभर जास्तच."

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. साहेबांचा मात्र पारा चढला. ते वजनकाट्यावरून उतरले, गुडघे टेकून त्याच्या मागे डोकावले.

"डॉक्टर, यावर पडताळणीचा शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

"उद्या येतो," साहेब म्हणाले. त्या आवाजाने आजवर भल्याभल्या किराणावाल्यांना घाम फोडला होता.

दुसऱ्या दिवशी ते प्रमाणित वजनांची लोखंडी पेटी घेऊन दवाखान्यात हजर झाले. खोकणारे, शिंकणारे, हात गळ्यात बांधलेले सगळे पेशंट माना वळवून बघू लागले. साहेबांनी एकेक वजन चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. काट्यात केसभरही फरक नव्हता. शिक्का खालच्या बाजूला होता आणि त्याखालची सही खुद्द साहेबांचीच होती.

"आता तुमचं ब्लडप्रेशर बघू का?" डॉक्टरांनी नम्रपणे विचारलं.

साहेब पेटी घेऊन तडक घरी आले आणि बाथरूममध्ये शिरले. वजनकाट्यावर चढण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघावं, हे त्यांनी असंख्य दुकानदारांना बजावलं होतं. स्वतः मात्र ते डोळे मिटून, पोट आत ओढून चढत आणि मगच खाली बघत. आज त्यांनी पहिल्यांदाच रिकाम्या वजनकाट्याकडे पाहिलं. काटा शून्याच्या सात घरं मागे उभा होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत हवेपेक्षा हलकी गोष्ट त्यांनी पाहिली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी दोघींना टेबलाशी बसवलं. वजनकाटा मधोमध ठेवला.

"याच्या चाकाला कुणी हात लावला?"

बायको म्हणाली, "मी. पण दोनच किलो. पहिल्या आठवड्यात. आणि मग... तिसऱ्या आठवड्यात एक."

"अगंबाई!" आई उडालीच. "तू पण?"

"म्हणजे? आई, तुम्ही?"

"मी दुसऱ्या आठवड्यात दोन केले. मग परत दोन. मला वाटलं, माझे चार सोडले तरी बाकीचं खरंच उतरतंय. पोराला काय झालं म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता!"

"आणि मला वाटलं, माझे तीन सोडले तरी... म्हणून तर डॉक्टरांना फोन केला!"

दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. साहेबांना हसू आलं नाही. "पण का? मला फसवण्यात काय मिळत होतं तुम्हाला?"

"फसवत कोण होतं?" बायको म्हणाली. "तुम्ही मागच्यासारखं सोडून देऊ नये एवढंच. बाकावर का होईना, पण घराबाहेर तर पडत होतात."

साहेबांनी कान टवकारले. "बाकावर? तुला काय माहीत?"

"रोज तुमच्या मागून येत होते की."

"माझ्यावर पाळत ठेवलीस?"

"तुमचीच बायको आहे," ती म्हणाली. "शाळेत माझा चित्रकलेचा तास उशिरा असतो, सकाळी वेळ असतोच. तुम्ही बसलात की मी तरी झाडामागे किती वेळ उभी राहणार? लोक बघतात. मग मी बाकाच्या मागच्या वाटेने फेऱ्या मारायचे. तुम्ही उठेपर्यंत."

"म्हणजे पुष्कळच झाल्या," आई म्हणाली. "सूनबाई, तू चढ बघू यावर."

साहेबांनी स्वतः चाक फिरवून काटा शून्यावर आणला. वजनकाटा फरशीवर ठेवला. बायको चढली. शाळेतल्या शिक्षकांच्या आरोग्य तपासणीत तिचं जेवढं वजन भरलं होतं, त्याहून हे पुरते पाच किलो कमी होतं.

"उतर," साहेब म्हणाले. "आता पुन्हा चढ."

पाच किलो कमी. त्यांनी पेटी उघडून वजनं लावली. बिनचूक. तिला तिसऱ्यांदा चढवलं.

"अहो, पुरे आता," ती हसत म्हणाली. "मला वाटत होतं, जुने झाले म्हणून ब्लाउज सैल होतायत."

त्या रात्री जेवणात मीठ कमी होतं, पण साहेबांनी "का कमी आहे?" असं विचारलं नाही. झोपताना त्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "माझ्याच्याने होत नाही हे. तो वजनकाटा उद्या माळ्यावर टाकतो."

"टाका," बायको म्हणाली. "मी मात्र जाणार हं बागेत. एकटीच जाते. तुमच्यापायी पावलं आवरून चालावं लागतं मला."

किती गोड आवाजात म्हणाली! साहेब अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिले. एकटीच का? आणि इतक्या आनंदाने का?

सकाळी त्यांना जाग आली ती दाराच्या कडीने. बाजूला बायको नव्हती. त्यांनी खिडकीतून पाहिलं. ती फाटकातून बाहेर पडत होती, पायांत पांढरेशुभ्र नवे बूट होते. हे कधी घेतले? कुणाला विचारून?

साहेबांनी मिळेल तो शर्ट अंगात चढवला आणि ते जिना उतरले. बागेच्या फाटकाशी ते पोचले तेव्हा ती पार पलीकडच्या वळणावर होती. लपतछपत जावं तर ती दिसेनाशी होई. ते भराभर चालू लागले. ती आणखी भरभर चालत होती. एक फेरी कधी संपली त्यांना कळलंच नाही. दुसरीत घामाने शर्ट पाठीला चिकटला, पण नजर त्या पांढऱ्या बुटांवरून हलली नाही.

तिसऱ्या फेरीला त्यांना वाटलं, ती हसतेय. खांदे तसेच हलत होते. पण पाठमोऱ्या बाईचं हसू सिद्ध कसं करणार? खात्री करून घ्यायची तर तिच्या पुढे जाऊन चेहराच बघायला हवा.

साहेब धावू लागले.