थोडं वर या, ताई!

निम्मेकाकूंनी सकाळीच बाथरूममधली बादली, टब आणि मोडका स्टूल बाहेर काढून जागा मोकळी केली. "संध्याकाळी कपडे धुवायचं मशीन इथे बसणार!" त्यांनी नवऱ्याला बजावलं. "टीव्हीवर किमतीच ओळखायच्यात ना? तो तर माझ्या हातचा मळ!"

फुशारकी खोटी नव्हती हो! बाजारातल्या कुठल्याही वस्तूचा भाव काकूंना तोंडपाठ. दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यापासून त्या सुरुवात करत, म्हणून तर हे नाव पडलं. सख्खी नणंदही त्याच नावाने हाक मारायची.

पण मशीन हौसेसाठी नको होतं. नवरा घरं रंगवणारा. त्याचे रंगाने कडक झालेले कपडे पिळून पिळून काकूंचं मनगट कामातून गेलं. डॉक्टर म्हणाले, पिळणं बंद! तेव्हापासून बिचारा दिवसभर भिंती रंगवून आला की कपडे धुवायला बसायचा. त्याचं ते कंबर धरून उठणं काकूंना बघवायचं नाही.

स्टुडिओत सुरुवात झकास झाली. कुकर, पंखा, इस्त्री! योग्य किमतीची पाटी उचलायची, काकूंनी फटाफट उचलली. बोलायचं काम नव्हतं तोवर सगळं ठीक होतं.

मग पडदा सरकला. अगदी तेच मशीन, कोपऱ्यावरच्या दुकानातलं! बावीस हजार, काकूंनी झोपेतही सांगितलं असतं. आता तोंडाने अचूक किंमत बोलायची, की मशीन घरी.

"बोला ताई, काय किंमत?" मशीनवर हात ठेवून सूत्रसंचालक हसला.

बावीस ओठांवर आलं होतं. पण समोरचा मालावर हात ठेवून विचारतोय आणि पहिल्याच फटक्यात पूर्ण भाव सांगायचा? जन्मात असं घडलं नव्हतं!

"अकरा," काकू म्हणाल्या.

सूत्रसंचालक मनाने भला. "अजून वेळ आहे," तो हळूच म्हणाला. "थोडं वर या, ताई."

झालं! दुकानदाराच्या तोंडून हे शब्द आले की काकूंची मान ताठ व्हायची.

"साडेअकरा. आणि तुम्हीही थोडं खाली या!"

"अहो, मी कसा खाली येणार? किंमत ठरलेली आहे!"

"सगळे असंच म्हणतात!"

प्रेक्षक टाळ्या पिटू लागले. त्यांच्यात बसलेल्या नवऱ्याला राहवेना. बोलायला मनाई, म्हणून त्याने दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नाचवली. बावीस! बावीस! काकूंनी मान डोलावली. त्यांना अगदी पटलं.

"बरं, दोन घेतली तर कितीला लावाल?"

सूत्रसंचालकाने कपाळाला हात लावला. "ताई, वेळ संपत आली. शेवटचं सांगा!"

"शेवटचं बारा. द्यायचं तर द्या, नाहीतर राहिलं!"

आणि काकू पाठ फिरवून चालू लागल्या! अशा वेळी मागे वळायचं नसतं, दुकानदार हाक मारतोच. बायको निघाली की "चल गं, दुसरीकडे बघू" म्हणत उठायचं, ही नवऱ्याची संसारभराची सवय. तो उठला, तेच म्हणाला आणि दोघं दाराबाहेर पडली.

रस्त्यावर आल्यावर काकूंची पावलं जड झाली. "अहो, मला बावीस माहीत होतं हो," त्या रडवेल्या झाल्या. "तुमची कंबर..."

"जाऊ दे गं. मी आहे ना पिळायला."

तेवढ्यात मागून हाक आली. "काकू! ओ काकू, थांबा!"

काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "बघितलंत? बोलावलं की नाही! वळू नका. अजून हजार उतरवेल!"

धापा टाकत स्टुडिओतला साउंडवाला पुढे येऊन उभा राहिला. "काकू, खांद्याशी लावलेला माइक द्या! सुरूच आहे तो. तुमचं सगळं बोलणं आत ऐकू येतंय."

काकूंनी माइक काढला. द्यायच्या आधी तोंडाजवळ धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण भाव सांगितला. "बावीस हजार!"

"बरोबर आहे, काकू," साउंडवाला हळहळला. "पण तुमच्यानंतरच्या बाईंनी भाव केला नाही, त्या घेऊन गेल्या."