गुलाबभाऊ आणि हवेचे फुगे

उभ्या गाडीच्या मागे उकिडवा बसून तिचं बूड न्याहाळणारा माणूस तुम्हाला आमच्या उंद्रीच्या आसपास दिसला, तर तो गुलाबभाऊ समजावा. गाडी कुणाचीही असो. लग्नाच्या मांडवापुढे फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी उभी असते, फेटेवाली मंडळी मानपानाच्या गडबडीत असतात, आणि हे गृहस्थ मागच्या चाकापाशी बसून चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घालून पाहतात. "चार बोटं बी नाही राह्यली. बसली बे गाडी," असं वर जाहीरही करतात. मी तेव्हा मांडवाचा खांब निरखत उभा असतो. ओळख नाही म्हणावं, तर भिंतीला भिंत लागून घर.

माणूस कसा आहे ते त्याची भरलेली गाडी मागून पाहिली की कळतं, असं त्यांचं मत आहे. "गाडीनं बूड टेकलं की मालकाचं नाक टेकलं," हे वाक्य ते मयतीतसुद्धा बोलू शकतात आणि बोललेलेही आहेत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते पल्लवीच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नात. लग्न मुलाच्या गावी होतं, तिकडे संग्रामपूरच्या बाजूला. भाऊंनी कपाट, दिवाण, भांडीकुंडी असं सगळं आपल्या जुन्या पिकअपमध्ये कोंबलं आणि वरून पाचसहा पाहुणेही बसवले. गाडीचं वजन तोलणारे मागचे कमानपाटे आधीच थकलेले. गाडी गावात शिरली तेव्हा मागचा भाग जमिनीला टेकायच्या बेतात आणि तोंड आभाळाकडे. पारावरून कुणीतरी म्हणालं, "नमस्कार कराले गाडी पुढून वाकते म्हणा, हे मागून काऊन वाकली?" सगळे हसले. व्याहीही हसले. भाऊही हसले, पण पंगतीत त्यांनी ताटावरून मान वर केली नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मलकापूरला जाऊन गाडीला हवेचे फुगे बसवून घेतले. मागच्या दोन्ही चाकांपाशी, आस आणि चेसीच्या मधे, रबराचा एकेक जाड फुगा. टायरमध्ये मारतात तशी त्यात हवा मारायची, की बसलेली गाडी उठते. कापूस भरा, कांदा भरा, नाहीतर मागे पाण्याची टाकी जोडून ओढा, गाडी सरळ. मिस्त्रीनं एवढंच बजावलं होतं की गाडी रिकामी झाली की हवा कमी करायची, नाहीतर दणके बसतील.

ते भाऊंना मान्य नव्हतं. "म्हंजे लोकाइले पुन्हा बसलेली गाडी दाखवू?" पाटे तर गेलेलेच, हवा काढली की रिकामी गाडीही बसायची. म्हणून फुगे कायम टम्म. रिकामी पिकअप खड्ड्यावरून अशी उधळायची की एकदा खामगावच्या चौकात माझं डोकं टपाला आणि हातातली कचोरी समोरच्या काचेला लागली. आजूबाजूचे लोक चहा सोडून बघायला आले. भाऊ म्हणाले, "पाह्यलं? गाडी कशी उभी हाये ते पाहून राह्यले लोक."

यंदा पल्लवीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. एकट्यानं जाणं बरं दिसत नाही म्हणून भाऊंनी मला सोबत घेतलं. व्याह्यांसाठी गव्हाची आणि तुरीच्या डाळीची पोती भरली. एवढी पोती कशाला, असं मी विचारलं नाही. भरलेली गाडी त्यांना त्याच पारावरून सरळ न्यायची होती. पारावर दोन म्हातारे बसले होते, त्यांनी पाहिलंही नाही. मग भाऊंनी व्याह्यांनाच हाताला धरून गाडीमागे नेलं. "हाव, बरी उभी हाये," व्याही म्हणाले आणि जांभई दिली. तेवढ्यावर भाऊ खुशीत दोन कप चहा प्यायले. मला मात्र माझा कप धरून बसायचीही लाज वाटत होती.

पोती उतरली. विहीणबाईंनी पल्लवीची ओटी भरली. निरोप द्यायला सगळी गल्ली दारात आली. पल्लवी केबिनमध्ये खिडकीशी बसली, मधे मी. गाडी निघाली आणि दोन घरं गेल्यावर गल्लीतल्या नालीवर अशी उसळली की पल्लवीनं दोन्ही हातांनी पोट धरलं. ओठ दातांत धरला होता.

भाऊंनी गाडी थांबवली. पुढे सगळा खड्ड्यांचा रस्ता होता आणि मागे सासरची सगळी गल्ली बघत होती. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मला वाटलं, गावाबाहेर जाऊन हवा काढतील. मी तसं सुचवणारही होतो. पण गल्लीच्या तोंडापर्यंत अजून तीन नाल्या होत्या.

ते उतरले. चाकापाशी बसले, वाल्वचं टोपण काढलं आणि आतलं टोक खिळ्यानं दाबलं. फुस्स आवाज झाला. मग दुसऱ्या बाजूचं. गाडी हळूहळू खाली बसत गेली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पोरं खिदळली. "अहो इवाई," व्याही दारातून ओरडले, "पुन्हा बसली तुमची गाडी."

"बसू द्या," भाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

गाव मागे पडलं. मग पल्लवी म्हणाली, "बाबा, माह्यासाठी हसू करून घेतलं तुम्ही."

"हो. लाज वाटून राह्यली मले, लई वाटून राह्यली," भाऊ म्हणाले. "पण लाजेनं पोटात दुखत नाही बाई, दणक्यानं दुखते. निज तू."

ती खिडकीला डोकं टेकून झोपली. भाऊंनी हात लांबवून मागचं दाखवणारा आरसा वळवला, तिचा चेहरा दिसेल असा, आणि उंद्रीपर्यंत गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली.