कचरूनानांचा मुक्काम

लग्नाच्या तिथी बघून स्वतःची झोपायची जागा ठरवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे कचरूनाना. पंचांग कायम त्यांच्या गाडीत, स्टिअरिंगच्या पुढे. तिथी असली की मुक्काम आमच्या कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयाबाहेर, कारण वऱ्हाडाच्या वीस गाड्यांत एकविसावी कोण मोजतंय? चातुर्मासात लग्नं थांबली की पलीकडच्या दवाखान्यासमोर, तिथं पेशंटचे नातेवाईक गाडीत झोपतातच. आणि उरलेल्या दिवशी आमच्या गल्लीत, कडुनिंबाखाली.

नाना वैजापूरकडचे. हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि तिच्यात संसार थाटला. फळीवर गादी, फळीखाली स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन, खिडक्यांना जुन्या पातळाचे पडदे. "गाडी दिसू द्यायची, माणूस नाय," हे त्यांचं ब्रीद. म्हणून दिवा लावायचा नाही, खोकला आला तरी उशीत तोंड खुपसून खोकायचं आणि फोडणी तर अजिबात द्यायची नाही. "आवाज कोंडता येतो मॅडम, वासाला कडी लावता येत नाय." कोपऱ्यावरच इंजिन बंद करून ते उतारावरून गाडी घरंगळत आणायचे.

आता एवढी गुप्तता पाळणाऱ्या माणसानं गाडी कुठली घ्यावी? नानांनी घेतली भंगारात निघालेली रुग्णवाहिका. इंजिन दणकट होतं म्हणे. वरून त्यांनी पांढरा रंग मारला, पण आमच्याकडचा एक उन्हाळा खाल्ल्यावर खालची लाल अक्षरं पुन्हा डोकं वर काढू लागली.

कार्यालयाबाहेर ते खपून जायचं. तिथं मुलीकडच्यांना वाटायचं हे मुलाकडचे, आणि मुलाकडच्यांना वाटायचं हे मुलीकडचे. एकदा तर दोन्हीकडच्यांनी मिळून त्यांना फेटा बांधला आणि पहिल्या पंगतीला बसवलं. "अन्नाला नाय म्हणू नाय," म्हणून नाना जेवले खरे, पण फुकटचं जेवण त्यांना पचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाडाची बस सुरू होईना, तेव्हा हाच फेटेवाला बसखाली शिरला आणि तासाभरात काळा होऊन बाहेर आला. नवरदेवाच्या बापानं त्यांच्या पायाला हात लावला. ते कोण, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

घोटाळा झाला तो आमच्या गल्लीत. त्या आठवड्यात कडुनिंबाखाली कुणीतरी वाळू टाकली, म्हणून नानांनी गाडी चार रात्री जोशीकाकांच्या फाटकासमोर लावली. पहिल्या सकाळी शेजारी काकांची तब्येत विचारायला आले. दुसऱ्या दिवशी लोक शहाळी घेऊन आले. तिसऱ्या दिवशी काकांची मेहुणी सिल्लोडहून रडतच उतरली आणि धडधाकट काका भाजीची पिशवी घेऊन समोर उभे राहिले, तर त्यांनाच म्हणाली, "तुम्ही कशाला उठलात?" चौथ्या दिवशी काकांनी अर्ज दिला: ही गाडी कॉलनीतून कायमची हलवा.

अर्ज माझ्याकडे आला, कारण कॉलनीची सेक्रेटरी मी. कुणी होईना म्हणून झाले आणि आता सुटका होईना. सकाळी फिरायला निघाले तेव्हा नाना आमच्या नळावर तोंड धूत होते. मी म्हटलं, "नाना, चार चाकं आहेत तुमच्याखाली. मोकळे आहात. छावणीकडे जा, वेरूळला जा. वर्षभर अर्ध्या किलोमीटरच्या आतच काय घुटमळताय?"

नानांनी पंचानं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाले, "मागल्या गल्लीत सुनंदा ऱ्हाती ना, ती माझी लेक हाय."

सुनंदाला मी ओळखत होते. नवरा फौजेत, पोस्टिंग लांबचं. दोन लहान पोरं. गेल्या वर्षी ती रात्री न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. नाना म्हणाले, "तवाच ठरीवलं. हाक मारली तर ऐकू यावं इतक्या अंतरावर ऱ्हायचं."

"मग तिच्या घरातच राहा की."

"लेकीच्या घरी बाप मुक्काम टाकतो व्हय? जावई पाव्हण्यांच्या माघारी? लोक तिलाच बोलतील." मग त्यांनी हात जोडले. "तिला वाटतं मी रोज शेवटच्या एसटीनं वैजापूरला जातो अन् सकाळच्या पहिल्या एसटीनं येतो. बाप गाडीत झोपतो हे कळलं तर जीवाला लावून घेईल. तुम्ही बाकी काय बी करा मॅडम, पण तिला सांगू नका."

मला कुणी सांगू नका म्हटलं की माझ्या जिभेला खाज सुटते. दुपारी मी सुनंदाकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं क्षणभरही थांबलं नाही.

"मला माहितीय काकू. वैजापूरची पहिली गाडी इथं आठला येती, अन् नाना साडेसहाला दारात. अख्खा जन्म एसटीत गेला, पण वेळापत्रक ध्यानात ऱ्हात नाय त्यांच्या."

"मग बोलत का नाहीस?"

"बोलले तर खरंच वैजापूरला जातील." तिनं पोळी तव्यावर टाकली. "अन् मग मला झोप येणार नाय."

मी उठले, चप्पल घातली आणि थेट जोशीकाकांकडे निघाले.

जोशीकाकांना मी कसं गप्प केलं ते विचारू नका. संध्याकाळी नानांना गाठलं आणि सांगितलं, "जागा ठरली. कायमची. सुनंदाच्या घरामागची भिंत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली."

नाना दचकले. "तिथं नको. ती बघंल."

"नाही बघणार. ती खिडकी ती उघडतच नाही," मी ठोकून दिलं.

नानांनी मान डोलावली. गाडीची किल्ली बोटांत फिरवली.

"कधीच नाय उघडत?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला.